चेहऱ्याचा डिस्टोनिया : बोटॉक्स पुरत नाही, डीबीएस करावं का?

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. पण आता घरातच प्रश्न आलाय म्हणून धागा काढतोय.

आईचं वय ५९, आम्ही अमळनेर तालुक्यातले. सुरुवात डोळ्यांपासून झाली. उन्हात गेली की पापण्या फडफडायच्या. डोळे कोरडे पडलेत म्हणून थेंब झाले, चष्मा बदलून झाला, मोतीबिंदूची तपासणी झाली. पुढे पापण्या इतक्या घट्ट मिटायला लागल्या की बोटांनी उघडाव्या लागतात. नजर चांगली आहे, सुईत दोरा ओवते, पण रस्ता ओलांडता येत नाही. दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायची, तेही बंद झालं. आता जबडाही आलाय. बोलता बोलता तोंड आपोआप उघडतं, खालचा ओठ एका बाजूला ओढला जातो, घास बाहेर येतो. लग्नकार्यात पंगतीला बसत नाही.

चमत्कारिक गोष्ट अशी की भाकरी थापताना ती ओव्या गुणगुणते, तेव्हा डोळे टक्क उघडे असतात. ओवी थांबली की मिटले. त्यामुळे आमच्यातल्या काहींना अजून वाटतं की हे सगळं मनाचं आहे.

नाशिकच्या न्यूरोलॉजिस्टनी मेज सिंड्रोम सांगितलं, म्हणजे चेहऱ्याचा डिस्टोनिया, स्नायू आपोआप आखडण्याचा आजार. बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) सुरू केलं, आधी तीन-साडेतीन महिने मस्त जायचे. आता महिनाभरात पुन्हा पहिले पाढे. मुंबईला दाखवलं तर ते म्हणाले डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा (डीबीएस, मेंदूत तार बसवून बारीक करंट देत राहण्याचं ऑपरेशन) विचार करा. मामा म्हणतात, “डोळे मिटतात म्हणून कोणी कवटीला भोकं पाडून घेतं का?” वडील काहीच बोलत नाहीत. आई म्हणते तुम्ही ठरवा.

पार्किन्सनसाठी हे ऑपरेशन करतात हे ऐकलंय. चेहऱ्याच्या डिस्टोनियासाठी कोणी केलंय का? फरक किती, त्रास किती, खर्च किती?

भुसावळ_जंक्शन

आधी धागा वर राहावा म्हणून हजेरी. माझा अनुभव नाही. पण ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर औषध निघालं असेल तर तेही कोणीतरी लिहा, आमच्याकडे बरेच पेशंट आहेत.

केळीवाला_रावेर

आमच्या वडिलांचं डीबीएस झालंय, पार्किन्सनसाठी. ऑपरेशन थिएटरमध्येच मशीन चालू केलं आणि हाताची थरथर थांबली. डॉक्टरांनी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, एक थेंब सांडला नाही. आम्ही बाहेर रडत होतो. बिनधास्त करा, चमत्कार आहे.

कळणानी_भाकर

भाऊ, मना मामाले बी आसंच व्हयनं व्हतं. गावमा सगळा सांगेत, नजर लागनी. देवले बकरं कापं. मामाना डोया उघडनात नही, बकराना मातर कायमना मिटनात.

भुसावळ_जंक्शन

@कळणानी_भाकर, चहा नाकातून आला ना भो.

शिरपूरची_सून

मला हाच त्रास होता, डाव्या बाजूला. डोळा आणि गाल एकदम ओढला जायचा. बाजारात भाजीवाल्याला वाटायचं ही बाई डोळा मारतेय. एकदा तर त्याच्या बायकोनेच मला झापलं. माझं कानामागून ऑपरेशन झालं, नस मोकळी केली, आता शंभर टक्के बरी आहे. मशीनबिशीन काही लागलं नाही. दादा, तुम्ही आधी ते करून बघा.

तापीकाठचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, पण अशा पेशंटना पुढे पाठवण्याचं काम वर्षानुवर्षं करतोय. वरच्या दोन प्रतिसादांमुळे घोटाळा होऊ नये म्हणून लिहितो.

शिरपूरच्या ताईंना झाला तो हेमीफेशियल स्पाझम. तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतो. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकून ठोके देत राहते. तिथे मऊ गादी ठेवून दोघींना वेगळं करतात आणि बहुतेक पेशंट बरे होतात. बोरीकाठ यांच्या आईंचा आजार दोन्ही डोळ्यांचा आणि जबड्याचा आहे. त्यात नस ठणठणीत असते, बिघाड मेंदूच्या आत, हालचालींचा ताल ठरवणाऱ्या बेसल गँगलियाच्या जाळ्यात असतो. त्यामुळे कानामागचं ऑपरेशन इथे उपयोगाचं नाही, आणि डीबीएस ताईंच्या आजारात उपयोगाचं नाही. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट आंरी मेज यांनी १९१० मध्ये हा आजार नीट मांडला म्हणून त्यांचं नाव. बायकांमध्ये जास्त, आणि सहसा चाळिशी-पन्नाशीनंतर.

ओवीचं जे लिहिलंय ते मामांना मुद्दाम वाचून दाखवा. गुणगुणणं, च्युइंगम चघळणं, गालाला किंवा कानशिलाला बोट लावणं यांनी स्नायूंची आकडी तेवढ्यापुरती सुटते, हे डिस्टोनियाचं ओळखीचं लक्षण आहे. तपासताना आम्ही ते मुद्दाम विचारतो. ज्या गोष्टीमुळे लोक ‘नाटक’ म्हणतात, तीच गोष्ट आजार खरा असल्याचं सांगते.

रावेरच्या दादांना : पार्किन्सनची थरथर टेबलावर थांबते, बरोबर. डिस्टोनियात तसं होत नाही. मशीन चालू केल्यावर फरक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतो. ग्लासाच्या गोष्टीची अपेक्षा ठेवून गेलं की घरचे पहिल्याच आठवड्यात खचतात.

केळीवाला_रावेर

बरोबर आहे डॉक्टरसाहेब, हे मला माहीत नव्हतं. आमच्या वॉर्डात मानेचा डिस्टोनिया असलेला एक मुलगा होता. त्याचे वडील रोज नर्सला विचारायचे, मान सरळ का होत नाही म्हणून. आता कळलं.

नंदुरबार_एक्सप्रेस

मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नये.

बोटॉक्स एक महिना टिकतं म्हणून लगेच मेंदूचं ऑपरेशन? मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? मशीन परदेशी कंपनीचं, लाखांत किंमत, बॅटरी संपली की पुन्हा लाखांत. चेहऱ्याच्या डिस्टोनियावर जे अभ्यास वाचायला मिळतात त्यात पेशंट किती? पाच, दहा, वीस. मोठी चाचणी एकही दिसली नाही. जिवाला धोका नसलेल्या आजारासाठी मेंदूत रक्तस्राव होण्याची जोखीम घ्यायची?

पाटणादेवी

जिवाला धोका नाही हे वाक्य ज्याचे डोळे उघडे आहेत तोच बोलू शकतो.

हा प्रतिसाद जरा मोठा होईल. मी स्वतः हे ऑपरेशन केलेली बाई आहे. मूळ चाळीसगावची, आता पुण्यात. बँकेत होते. मेज सिंड्रोमच, डोळे आणि जबडा दोन्ही. काउंटरवर बसून समोरच्या माणसाचा चेकही वाचता येईना, तेव्हा नोकरी लवकर सोडली. चालताना भिंतीला हात लावून चालायचे. रिक्षातून उतरले की डोळे बंद, मग तिथेच उभं राहून पदराखाली डोळे उघडायचे. लोकांना वाटायचं बाई रडतेय.

ऑपरेशनचं सांगते. सकाळी डोक्याला चार स्क्रूंची एक फ्रेम बसवतात, जागा बधिर करून. दाब जाणवतो, दुखणं फारसं नाही. मग स्कॅन, त्यावरून संगणकावर मोजमाप. कपाळाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक छोटं भोक, त्यातून शिवणाच्या सुईपेक्षा थोडी जाड, सव्वा मिलिमीटरची तार आत. टोकावर चार संपर्क असतात. ती ग्लोबस पॅलिडस नावाच्या गाभ्यात जाऊन बसते. काही ठिकाणी पेशंटला जागं ठेवतात, मला झोपवलं होतं. पुढे कानामागून, मानेतून कातडीखाली तारा आणून कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी डबी बसवली. सेकंदाला शे-सव्वाशे ठोके ती मेंदूला देत राहते.

पहिले दोन-चार दिवस मशीन बंद असतानाच मला बरं वाटलं. मी खूश. डॉक्टर म्हणाले, खूश होऊ नका, तार आत गेल्याने जी सूज येते तिचा हा परिणाम आहे, उतरेल. उतरला. डोळे पुन्हा मिटले. त्या दिवसांत मी फार वाईट बोलले घरच्यांना.

मग प्रोग्रामिंग. खरं काम ते आहे आणि त्याबद्दल कोणी आधी नीट सांगत नाही. समोर टॅब घेऊन डॉक्टर एकेक संपर्क चालू करून बघतात. एका सेटिंगवर माझी जीभ जड झाली, दारू प्यायल्यासारखं बोलायला लागले. दुसऱ्या सेटिंगवर उजवा हात आखडला. मग कमी-जास्त करत करत डोळे आधी सुटले, काही आठवड्यांत. जबड्याला कितीतरी महिने लागले. आज मी एकटी पीएमपीच्या बसने फिरते. पूर्ण बरी नाही. थंडीत, जागरण झालं की ओठ ओढतो. बोलणं आधीसारखं स्पष्ट नाही. पण चेक वाचता येतो.

नंदुरबारच्या भाऊंचा बॅटरीचा मुद्दा मात्र खरा आहे. डिस्टोनियाला करंट जास्त लागतो, साधी बॅटरी तीन-चार वर्षांतच संपू शकते. मी चार्जिंगवाली घेतली, तिला पुढची बरीच वर्षं बघावं लागणार नाही.

कळणानी_भाकर

ताई, तुम्हले दंडवत. एक शंका. चार्जिंगवाली घेतली आनि आमना गावमा लाइट गयी तर? आमनाकडे थ्री फेज रातले दोन वाजता येस. बाईनी रातले दोनले उठीसन डोकं चार्जिंगले लावानं का?

पाटणादेवी

हा प्रश्न चेष्टेचा नाही. चार्जरला स्वतःची बॅटरी असते, ती लाइट असताना भरून ठेवायची. मग डबीवर पट्ट्याने लावून तास-दीड तास बसायचं, आठवड्यातून एखाददोन वेळा. मी टीव्ही बघत करते. पण घरात हे लक्षात ठेवणारं कोणी नसेल, किंवा पेशंटला यंत्राची धास्ती असेल, तर साधी बॅटरी बरी असंही डॉक्टर सांगतात. डबी रिकामी झाली की त्रास एकदम उलटून येतो, हे खरं. लग्नाच्या धावपळीत माझ्या बाबतीत तसं झालंय.

वांग्याचं_भरीत

सगळे गंभीर लिहितायत म्हणून विचारतो, बामणोदची वांगी आली का बाजारात?

भुसावळ_जंक्शन

आली. पण या धाग्यावर नको, ताई रागावतील.

पाटणादेवी

पुण्यात मिळत नाहीत म्हणून रागावेन.

यावलची_मास्तरीण

बोरीकाठ, एक विचारते. आईंना आधी ॲसिडिटीच्या किंवा चक्करेच्या गोळ्या चालू होत्या का, बऱ्याच काळ?

कारण आमच्या सासूबाईंचं असंच झालं. ‘गॅस’ म्हणून एका दवाखान्यातून कॅप्सूल मिळायची, ॲसिडिटीचं औषध आणि त्यातच मळमळीवरचं लेव्होसल्पिराइड. संपली की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत राहिला. घरातल्या सगळ्यांना वाटायचं साधी गॅसची गोळी आहे. मग जीभ आत-बाहेर व्हायला लागली, तोंड चावल्यासारखं हलायचं. दात काढले, कवळी केली, कवळी बसेना म्हणून दुसरी केली. शेवटी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि ती एक पट्टी बाजूला काढली.

तापीकाठचा_डॉक्टर

मास्तरीणबाईंनी नेमकं विचारलं. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी किंवा अर्धशिशीसाठी महिनोन्‌महिने दिलेलं सिनारिझिन-फ्लुनारिझिन, आणि मनोविकारांवरची बरीच औषधं यांनी उशिरा असा डिस्टोनिया होऊ शकतो. त्याला टार्डिव्ह म्हणतात. औषध थांबवूनही तो लगेच जात नाही, कधी राहूनच जातो. आपल्याकडे या कॅप्सूल शेंगदाण्यासारख्या विकल्या जातात हे मी रोज बघतो आणि रोज चिडतो. (मनोविकाराचं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, त्या डॉक्टरांशी बोलूनच.) टार्डिव्ह डिस्टोनियातही गोळ्यांनी भागलं नाही तर डीबीएसचा पर्याय असतो, म्हणजे दार बंद होत नाही. पण आधी कारण तर काढून टाका.

बोरीकाठ

आत्ताच आईला विचारलं. ‘पोट साफ व्हायची आणि मळमळीची’ म्हणून एक कॅप्सूल आहे, कधीपासून ते तिला सांगता येत नाही. पट्टी शोधली. छोट्या अक्षरात लेव्होसल्पिराइड लिहिलंय. नाशिकला किंवा मुंबईला ही गोळी आम्ही दाखवलीच नव्हती, कारण ती ‘औषधात’ धरत नव्हतो. डोळ्यांचा त्रास आधी की गोळी आधी, हे आता घरात सगळे आठवतायत. वडील म्हणतात त्रास आधी. मामा आता गोळीवर तुटून पडलेत.

भुसावळ_जंक्शन

मामांना काहीतरी मिळालं ना तुटून पडायला. पेशंट सुटला.

आयुर्वेद_अभिमानी

मेंदूला विजेचे झटके देण्यापेक्षा नस्य आणि शिरोधारा करा. माझ्या मावशीचा डोळा फडफडायचा, एकवीस दिवसांत गेला.

तापीकाठचा_डॉक्टर

थकव्याने, चहा-कॉफीने, जागरणाने एका पापणीची फडफड जवळजवळ सगळ्यांना कधीतरी होते आणि आपोआप जाते. मावशींना तीच असणार. शिरोधारेने आईंना शांत वाटलं तर जरूर करा, ताण कमी झाला की डिस्टोनियाही थोडा सैल पडतो. पण त्यासाठी बोटॉक्सची तारीख पुढे ढकलू नका. आणि डीबीएस म्हणजे शॉक नव्हे, पेशंटला करंट जाणवतही नाही.

नंदुरबार_एक्सप्रेस

पाटणादेवी ताई, तुमचा अनुभव वाचून माझं वाक्य मागे घेत नाही, पण आवाज खाली घेतो. मुद्दा एवढाच की पायऱ्या गाळू नका.

डॉक्टर, मला हे सांगा : बोटॉक्स आधी तीन महिने टिकायचं, आता एक महिना. औषधाची सवय झाली का?

तापीकाठचा_डॉक्टर

चेहऱ्याला डोस इतका कमी लागतो की शरीराने त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करणं क्वचित घडतं. त्याआधी बाकीच्या शंका घ्यायच्या.

पहिली शंका, सुई कुठे दिली. डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूत पापणीच्या अगदी काठाजवळ दिलेलं इंजेक्शन बऱ्याच जणांना जास्त चांगलं लागू पडतं, थोडं वर दिलेलं तितकं नाही. काही पेशंटना आकडीबरोबर पापणी उघडण्याचा ‘हुकूम’च सुटत नाही, त्यांना काठाजवळचंच लागतं. दुसरी, जबड्याचे स्नायू. तोंड आपोआप उघडत असेल तर हनुवटीखालचे आणि जबड्याच्या आतले स्नायू शोधावे लागतात, ते ईएमजी (स्नायूतली वीज टिपणारी तपासणी) किंवा सोनोग्राफीच्या मदतीने. वरवर ओठाजवळ टोचून उपयोग नाही. तिसरी शंका खास आपल्याकडची : कुपी दोन ते आठ अंशांत राहिली का? मे महिन्यात नाशिकहून औषध कंपनीच्या एमआरच्या गाडीतून कुपी येते, गाडी उन्हात उभी, आइसपॅक वितळलेला. मग ‘बोटॉक्स चालत नाही’ असा शिक्का पेशंटवर बसतो.

चौथी, आजार पसरला. आधी फक्त डोळे होते, आता जबडा. तेव्हा जुना डोस अपुरा पडणारच.

आणि महिन्याने परत टोचून घेऊ नका. तीन महिन्यांचं अंतर ठेवण्याची पद्धत त्या अँटिबॉडीच्याच भीतीने आहे.

शिरपूरची_सून

गॉगलबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझा आजार वेगळा होता हे आता कळलं, पण आमच्या शेजारच्या काकूंना दोन्ही डोळ्यांचं आहे. त्यांना गुलाबीसर काचेचा चष्मा दिलाय, एफएल-४१ म्हणतात. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही लावतात. सुरुवातीला गल्लीतली पोरं ‘हिरोइन काकू’ म्हणायची. काकूंनी एकाला चहा पाजला आणि त्याच्याकडून रोज दळण आणून घेतात आता.

केळीवाला_रावेर

खर्चाचं मी सांगतो. आमचं सगळं मिळून दहा लाखांच्या वर गेलं, साध्या बॅटरीचं. चार्जिंगवालीचं कोटेशन त्याहून बरंच जास्त होतं. दोन खांड केळीचे पैसे आणि बहिणीचं सोनं. इन्शुरन्सवाल्याने आधी ‘हे बसत नाही’ म्हणून हात वर केले होते. नंतर कोणीतरी सांगितलं की विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०१९ मध्ये काढलेल्या नियमांत डीप ब्रेन स्टिम्युलेशन नावानिशी आहे, आधुनिक उपचारांच्या यादीत. ते दाखवलं तेव्हा अर्धे मिळाले. पॉलिसीत त्याला मर्यादा घातलेली असते, ती आधी बघा.

पाटणादेवी

हो, मर्यादा असते आणि ती पॉलिसीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असते.

बोरीकाठ, अजून काही गोष्टी ज्या मला नंतर कळल्या. डीबीएस झाल्यावर फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक कायमचा बंद. गुडघे दुखतात म्हणून आई कुठे शेक घ्यायला जात असतील तर हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, त्या तारेच्या टोकाला उष्णता जाऊन मेंदूला इजा होऊ शकते. एमआरआय सरसकट कुठेही करून घ्यायचा नाही, बसवलेल्या मशीनचं मॉडेल बघूनच करायचा. दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं. विमानतळावर, मॉलच्या दारात कार्ड दाखवायचं. मोबाइल, मिक्सर, टीव्ही यांचं काही नाही.

जोखीमही सांगते, मला सांगितली होती तशीच. शंभरात एखाद-दोघांना रक्तस्राव. त्याहून थोड्या जास्त जणांना डबीच्या किंवा तारेच्या जागी जंतुसंसर्ग, आणि तसं झालं तर कधी सगळं काढून पुन्हा बसवावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका ताईंचं काढावं लागलं. त्यांनी परत बसवलं नाही. त्यांना विचारलं तर त्या ‘करू नका’ म्हणतील, आणि त्यांचंही चूक नाही.

आणि एक करा. डॉक्टरांसमोर गेलं की डोळे नेमके उघडे राहतात, बोलण्याच्या नादात. माझं दर वेळी व्हायचं. दुपारच्या उन्हातला, जेवतानाचा, फोनवर बोलतानाचा असा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा.

तापीकाठचा_डॉक्टर

नंदुरबारच्या भाऊंनी अभ्यासांबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, म्हणून एकदा नीट सांगतो. सर्वांगाच्या आणि मोठ्या भागांच्या डिस्टोनियावर डीबीएसच्या चांगल्या, तुलनात्मक चाचण्या आहेत, २००५-०६ मधल्या. अमेरिकेने २००३ मध्ये डिस्टोनियासाठी परवानगी दिली तीही सवलतीच्या वाटेने, कारण पेशंट कमी. मेज सिंड्रोमवर छोटे छोटे गट आहेत. त्यांत बहुतेकांची लक्षणं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कमी झालेली दिसतात. डोळ्यांना आणि जबड्याला फायदा, बोलण्याला आणि गिळण्याला त्या मानाने कमी. पाटणादेवी ताईंचं वर्णन याच्याशी जुळतं. ज्यांना फायदा झाला नाही त्यांच्याबद्दल कोणी उत्साहाने लिहीत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पार्किन्सनच्या गोळ्यांमधली ट्रायहेक्सिफेनिडिल याही आजारात देतात. आईंच्या वयात तिने विसरभोळेपणा, बद्धकोष्ठ होतं. तेव्हा ‘मधल्या पायऱ्या’ म्हणजे गोळ्यांचा डोंगर नव्हे. माझ्या मते पायरी एकच राहिलीय : चांगल्या हाताचं, ईएमजी लावून दिलेलं बोटॉक्स, आणि ती कॅप्सूल डॉक्टरांना विचारून बंद. त्यावर सहा महिने बघून मग डीबीएस. वय ५९ म्हणजे सहा महिन्यांनी संधी जाणार नाही.

पाटणादेवी

डॉक्टर, सहमत. फक्त ‘सहा महिने बघू’ चं ‘दोन वर्षं बघू’ होतं, तेवढं करू नका. माझं झालं होतं. त्यात नोकरी गेली.

कळणानी_भाकर

आनि त्या सहा महिनामा बकरं सोडा.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पाटणादेवी ताईंचा दोनदा. भिंतीला हात लावून चालण्याचं वाचलं तेव्हा म्हणाली, “हाई बाई खरं सांगस.” मग स्वतःच बोलली, आधी सुया नीट देऊ द्या, नाही जमलं तर भोकं पाडू, पण टक्कल केलं तर केस परत येतात ना? मामा होते तिथेच. म्हणाले, तुझं तू ठरव. वडिलांनी पहिल्यांदा विचारलं की बॅटरी कुठे बसवतात.

कॅप्सूलबद्दल नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थांबवायला सांगितली आणि पट्टीचा फोटो मागवला. ईएमजी लावून बोटॉक्स कुठे देतात तेही त्यांनाच विचारलंय. डीबीएसचं मत मात्र दुसरीकडूनही घ्यायचं ठरवलंय. बंगळुरूचं निमहान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशी दोन इस्पितळांची नावं घरात चर्चेत आहेत, अंतर बघून मुंबईच जास्त सोयीची वाटते.

पाटणादेवी

केस येतात. माझे आधीपेक्षा कुरळे आले. आईंना सांगा.

भुसावळ_जंक्शन

मुंबई असेल तर अमळनेरहून जळगावला येऊन रात्रीची गाडी धरा, सकाळी ओपीडीच्या वेळेला पोचता. परतीचं तिकीट आधी काढू नका, ईएमजीची तारीख दुसऱ्या दिवशीची देतात बऱ्याचदा.

नंदुरबार_एक्सप्रेस

बोरीकाठ, पॉलिसी आहे का आईच्या नावाने? असेल तर आत्ताच कंपनीला मेल करून विचारा की डीबीएसला मर्यादा किती आणि बॅटरी बदलताना पुन्हा लागू होते का. फोनवर विचारू नका, लेखी घ्या.

बोरीकाठ

आहे, बँकेमार्फत काढलेली. मर्यादेचं पान शोधलं, सापडलं नाही. उद्या मेल करतो.

नंदुरबार_एक्सप्रेस

उत्तर आलं की नाव खोडून इथे टाका. माझ्या बहिणीची पॉलिसीही बँकेचीच आहे.